पाणी

ब्यूट, मोंटाना. तळघरात, बॉयलरच्या उबेला
डेल्फीन ट्रेव्हॅरो पुंगळ्या मांडून बसली आहे.
पन्नास. एकाच कारखान्याच्या, एकाच खेपेच्या,
सगळ्या सारख्या, असं डब्यावर छापलंय.
एकतीस वर्षं औषधांच्या दुकानात काटा सांभाळलेल्या बाईचा
छापलेल्यावर विश्वास नसतो.

बाहेरून कुणी काही सांगत नाही.
बंदुकीच्या पोटात एकदा भडकून आली
की प्रत्येक पुंगळी तोच अंगरखा घालते,
शिवणीसुद्धा तशाच.
जाडी असेल ती आत शिरते.
आत जागा कमी, दारू तेवढीच,
दाब वाढतो, गोळी जरा घाईनं निघते.
जागा जास्त, तर जरा आळसून.
शंभर यार्डांवर हे कुणाच्या बापाला कळत नाही.
हजारावर पितळ उघडं पडतं.

म्हणून काटा.
गुंजभर इकडेतिकडे झाली की पुंगळी
कॉफीच्या जुन्या डब्यात. टण्ण.
त्या डब्यातल्या फक्त नळी तापवायला,
नेमाला नाहीत.

तिचे वडील तांब्याच्या खाणीत उतरायचे.
पोरांनाही ते असेच हातात घेऊन जोखायचे.
गॅरिकला जोखून म्हणाले, हलका आहे हा.
चौदा वर्षांचा होता, जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर.
तो सिएटलला गेला, लोकांचे पियानो सुरात लावत फिरला,
दर रविवारी फोन करायचा,
आणि तीही फोन ठेवताना मनात म्हणायची,
हलकाच.

मार्चमध्ये गेला.
पोस्टानं त्याचा सूर लावायचा चिमटा आला.
तो काट्याशेजारी पडून आहे. ती वाजवत नाही.

सप्टेंबरात, मिसूलाजवळच्या रेंजवर,
नऊ गोळ्या दोन तळहातांखाली झाकतील अशा बसल्या होत्या.
दहावी त्यांच्याही खाली चार बोटं.
वारा, ती म्हणाली.
वारा खाली ढकलत नाही, आजूबाजूला ढकलतो,
हे तिला ठाऊक होतं, शेजारच्या बाकावरच्या
ऑर्व्हिल स्टेन्सरुडलाही ठाऊक होतं,
तो सभ्यपणे चष्मा पुसत राहिला.

यंदाचा हिवाळा लांबला.
माना मऊ करून झाल्या, एकेक ज्योतीखाली फिरवून,
दिवा मालवून, लाली चढायच्या आत बाहेर
(पितळ फार वेळा वाकवलं की हट्टी होतं,
गोळीला एक गच्च धरते, एक ढिली सोडते).
करायला काही उरलं नाही
म्हणून तिनं पाणी घेतलं.

पाण्यात साबणाचा एक थेंब, बुडबुडा राहू नये म्हणून.
ड्रॉपरनं, काठाला सपाट टेकेपर्यंत.
आधी रिकामी तोलायची, मग भरलेली.
पन्नासच्या पन्नास. मग, उगाच,
कॉफीच्या डब्यातल्याही.

त्यातली एक, सगळ्यांत हलकी,
नेमक्या इतरांएवढंच पाणी घेऊन उभी राहिली.
डेल्फीननं पुन्हा भरली. तिसऱ्यांदा भरली.
मग भिंग लावून बुडाशी पाहिलं:
नखीसाठी कोरलेली खाच जरा खोल गेली होती,
कारखान्यात, पात्याच्या एका चुकार फेऱ्यात.
गेलेलं पितळ बाहेरचं होतं.
आत काहीच कमी नव्हतं.

आणि निवडलेल्यांतली एकतीस नंबरची,
काट्यावर साजूक, बिनतक्रार,
अर्धा थेंब जास्त प्यायली.
तिनं वही काढली. सप्टेंबर. दहावी गोळी.
पुंगळी क्रमांक एकतीस.

वर बर्फ पडत होता, किंवा थांबला होता,
तळघरात ते कळत नाही.
एकतीस नंबर डब्यात गेला. टण्ण.
तो आवाज विरेपर्यंत ती ऐकत राहिली,
मग का कुणास ठाऊक
चिमटा उचलून टेबलाच्या कडेवर आपटला,
आणि दोन्ही सूर जुळत नाहीत
एवढं तिलाही कळलं.

हलकी पुंगळी तिनं रिकामी केली,
उलटी करून टॉवेलवर ठेवली.
वाळेल सकाळपर्यंत.
बुडावर नंबर घालायचा राहिलाय.